नवी एअर रायफल, रेंजवरचा पहिला दिवस आणि सिलिंडरची हवा

दहा मीटरच्या नेमबाजीची नवी एअर रायफल घेतली असेल, तर रेंजवर जायच्या आधी एक गोष्ट पक्की करून ठेवा: रायफलचा हवेचा सिलिंडर कुठं भरणार. उभं कसं राहायचं, श्वास कुठं थांबवायचा, ट्रिगर कसा घ्यायचा, हे शिकवायला सर असतात. हवेचं कुणी आधी सांगत नाही. माझे पहिल्या सत्राआधीचे नऊ दिवस हवेपायी गेले आणि पहिल्या सत्रातला निम्मा वेळही. त्या नऊ दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून जे कळलं ते सगळं इथं लिहितेय.

खरेदीत काही अडलं नाही. ४.५ मिमीची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या रायफलची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. कागद झाले, पेटी आली. पेटीत सिलिंडर रिकामा असतो. तो भरूनच येईल असं धरून मी दुसऱ्या दिवशीची रेंजची वेळ घेतली होती.

कोल्हापुरात रायफल नवी नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं (पालथं झोपून मारायच्या प्रकाराचं) जगज्जेतेपद घेतलं. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुण करून ब्राँझ आणलं. पण ही दोन्ही पदकं काडतुसाच्या रायफलची. तिथं गोळी ढकलणारा दाब काडतुसातली दारू तयार करते. दहा मीटरला तो दाब आपल्याला घरून घेऊन जावा लागतो.

आणि तो किती? बहुतेक स्पर्धा-रायफलींचा सिलिंडर २०० बारचा (बार हे दाबाचं माप). गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, म्हणजे हे जवळजवळ नव्वदपट झालं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारच्या पुढं जात नाही, तिथं विचारायलाही जाऊ नका. आत रेग्युलेटर असतो. तो २०० चा दाब उतरवून दर शॉटला सारखाच देतो, म्हणून पहिला आणि शंभरावा पेलेट (शिशाची बारीक गोळी) एकाच वेगानं जातो, साधारण १७० मीटर प्रतिसेकंद. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला की हा वेग पडायला लागतो. १७० चा १६० झाला, तर दहा मीटरवर पेलेट दोन मिलिमीटरनं खाली लागतो. टार्गेटवर एका रिंगची रुंदी अडीच मिलिमीटर. म्हणजे तुमचा नेम बरोबर, ट्रिगर बरोबर, आणि तरी दहाचे नऊ होतात.

आता भरण्याचं. भरून देणाऱ्याकडच्या मोठ्या बाटलीतून आपल्या छोट्या सिलिंडरमध्ये हवा सोडतात तेव्हा दोन्हींचा दाब सारखा झाला की हवा थांबते. बाटलीत १४० बार असेल, तर तुमच्या सिलिंडरमध्ये १४० च येणार. रायफल साधारण ७० बारपर्यंत नीट चालते असं धरा. २०० भरला तर वापरायला १३० बार मिळतात, १४० भरला तर फक्त ७०. शॉट जवळजवळ निम्म्यावर येतात. मला पहिल्या ठिकाणी तीनदा "ताई, उद्या या की, दोन मिनटाचं काम हाय" असं ऐकायला मिळालं. चौथ्यांदा गेले तेव्हा कळलं की बाटलीतच १४० आहे, नवी बाटली पुढच्या आठवड्यात येणार. हे पहिल्या फोनवर सांगता आलं असतं. म्हणून जायच्या आधी फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा: बाटलीत आत्ता किती बार आहेत, व्हॉल्व्ह २०० चा की ३०० चा, आणि हवा कोरडी करून भरलेली आहे का.

दुसरा प्रश्न फालतू वाटतो, पण माझे पुढचे चार दिवस त्यातच गेले. २०० बारच्या जोडणीला पाच आटे असतात, ३०० च्या जोडणीला सात. माझ्या पेटीतला अडॅप्टर (बाटली आणि सिलिंडर जोडणारा तुकडा) २०० चा. पुढच्या ठिकाणची बाटली ३०० ची. अडॅप्टर आत फिरत जातो, हाताला घट्टही लागतो, पण तळाला पोचत नाही, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी रिंग) बसत नाही, आणि व्हॉल्व्ह जरा उघडला की फुस्स. भरणारा म्हणाला, "वायसर टाकू, चालतंय." चालत नाही. ही जोडणी मुद्दाम अशी केलेली आहे, ३०० बारच्या बाटलीला चुकून २०० चा सिलिंडर लागू नये म्हणून. वायसर टाकून ती अडवणूक काढली, तर २०० च्या सिलिंडरवर ३०० चा दाब यायचा रस्ता तुम्ही स्वतः उघडता. मी सिलिंडर काढून परत आणला. ३०० च्या बाटलीतून भरायचं असेल तर ३०० चाच अडॅप्टर, त्यावर दाब दाखवणारा काटा आणि ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) पाहिजे, आणि काटा २०० ला आला की व्हॉल्व्ह हातानं बंद करायचा. सिलिंडरकडची बाजूही तपासा. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे, मित्राचा अडॅप्टर आपल्या सिलिंडरला बसेलच असं नाही.

यावर कोल्हापुरात लगेच एक सल्ला मिळतो: उद्यमनगरात लेथवर करून घे. शिवाजी उद्यमनगरातल्या हातांबद्दल मला आदर आहे, ते वाटेल तो पार्ट करून देतात. पण २०० बारचा अडॅप्टर नमुना बघून करायची वस्तू नाही. धातू कुठला, आट्यांची खोली किती, दाबाची चाचणी कुणी केली, याची उत्तरं नसतील तर तो तोंडाजवळ धरू नका. अडॅप्टर कंपनीचाच मागवा.

आणि ऑक्सिजन कधीच नाही. वेल्डिंगच्या दुकानातली काळी बाटली समोर दिसते, दाबही पुरेसा असतो, "हवाच आहे की" असं कुणीतरी म्हणतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आत कुठं तेलाचा थेंब, एवढ्यावर स्फोट होतो. ओ-रिंगला लावायचं ते फक्त सिलिकॉन ग्रीस, मशीनचं तेल नाही.

शेवटी हवा मिळाली तेव्हाही घाई नडली. भरणाऱ्यानं व्हॉल्व्ह एकदम उघडला, काटा पाच सेकंदांत २०० ला गेला. सिलिंडर हाताला चहाच्या कपासारखा गरम. अर्ध्या तासानं गार झाला आणि काटा १८० वर. चोरी नाही, गळती नाही, गरम हवेचा दाब जास्त दिसतो एवढंच. म्हणून व्हॉल्व्ह अगदी केसभर उघडायचा, काटा घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखा चढला पाहिजे. १०० ला थांबा, १५० ला थांबा, मग २०० करा. झाल्यावर आधी बाटलीचा व्हॉल्व्ह बंद, मग ब्लीड स्क्रू सोडून मधली हवा काढायची, मगच सिलिंडर फिरवायचा. सिलिंडर हातानं फिरत नसेल तर मध्ये दाब अडकलेला आहे. पाना लावू नका, परत ब्लीड करा.

हवा भरायचा हातपंप हा पर्याय आहे, मी आता तोच ठेवलाय. पण कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत पंपातून पाणीच निघतं. ओलावा पकडणारा फिल्टर असलेलाच पंप घ्या. पाच मिनिटं मारा, पाच मिनिटं गार होऊ द्या, आणि प्रत्येक थांब्याला ब्लीड करून ओल बाहेर काढा. तेवढं केलं नाही तर ओल सिलिंडरमधून रेग्युलेटरपर्यंत जाते. १२०-१३० नंतर दांडा जड होतो, तेव्हा पाठीनं नाही, अंगाच्या वजनानं दाबायचा.

दहाव्या दिवशी रेंजवर पोचले. रायफलला सिलिंडर लावला आणि पाच मिनिटांत काटा दोन-तीन बार उतरला. साबणाचं पाणी बोटानं सांध्यावर लावलं. आधी काही नाही, मग खालच्या बाजूला एक बारीक बुडबुडा, मोहरीएवढा, फुटला, परत आला. सिलिंडर काढून पाहिला तर ओ-रिंगवर पॅकिंगच्या थर्माकोलचा कण चिकटलेला. पुसला, सिलिकॉनचा हात फिरवला, लावला, थांबलं. पाच मिनिटांचं काम, पण ते ओळखायला अर्धा तास गेला. सुटी ओ-रिंग पेटीत ठेवा, किंमत काहीच नाही.

मग प्रत्यक्ष मारायचं. यात फार अडचण नाही, क्रम पाळला की झालं. मागची साइट (जिच्यातून बघून नेम धरायचा ती) रायफलच्या रुळावर घट्ट आहे का ते आधी बघा. तिचे क्लिक (स्क्रू फिरवताना लागणारे टप्पे) या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा आणि मध्यावर आणा. पहिले पाच शॉट वाळूच्या पिशवीवर टेकून मारा, एकही क्लिक न फिरवता. एका शॉटवर दुरुस्ती करू नका, पाचांचा मध्य बघा. साइटवरची अक्षरं जर्मन असतात, एच म्हणजे वर, टी म्हणजे खाली, आणि ती शॉटबद्दल आहेत की साइटबद्दल यात सगळ्यांचा गोंधळ होतो. अक्षरं सोडा. दहा क्लिक फिरवा, परत पाच मारा, ग्रुप (पाच भोकांचा पुंजका) कुठं सरकला ते मोजा. माझ्या साइटला दहा क्लिकला तीन मिमी सरकतं. ग्रुप सहा मिमी डावीकडं होता, वीस क्लिकमध्ये मध्यावर आला.

पुढच्या साइटची रिंग सुरुवातीला मोठीच ठेवा, ४.२ मिमीच्या आसपास. काळ्या गोलाभोवती पांढरं मोकळं दिसलं पाहिजे. लहान रिंगनं बारीक नेम लागेल असं वाटतं, प्रत्यक्षात डोळा ताणतो आणि शॉट सोडायला उशीर होतो. ट्रिगरच्या स्क्रूला पहिल्या दिवशी हात लावू नका. गालाची पट्टी आणि बट प्लेट (खांद्याला टेकायची पट्टी) हलवली तर आधीच्या जागी पेन्सिलची खूण करा.

रायफलबरोबर कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं, पाच पेलेटचं जवळजवळ एकच भोक. तो ग्रुप रायफल क्लॅम्पमध्ये धरून आणि निवडलेल्या पेलेटवर काढलेला असतो. ४.४९ आणि ४.५० मिमी अशा दोन मापांच्या डोक्यांचे पेलेट आणून टेकून मारून बघा, फरक कागदावर दिसतो. शिसं हाताला लागतं, डबा खायच्या आधी साबणानं हात धुवा.

हो, सिलिंडरवरची तारीख. कंपनीची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची असते, आणि स्पर्धेत ती पाहायची जबाबदारी नेमबाजाचीच. वापरलेली रायफल घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी ती वाचा. आणि भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत सोडू नका.

त्या दिवशी शेवटचे दहा शॉट हळूहळू खाली जायला लागले. सर म्हणाले, "हात दमला." मी काटा बघितला, ६५. सिलिंडर बदलला, त्याच हातांनी पुढचे पाच परत मध्यावर. तेव्हापासून वहीत गुणांच्या शेजारी एक रकाना आहे: सत्र सुरू होताना बार, संपताना बार.