४० मिनिटांची ठरलेली चूक

समजा, बोरिवलीहून ८.४७ ला सुटलेली फास्ट लोकल ९.३५ ला चर्चगेटला पोचली. किती वेळ लागला? बरीच मुलं ९.३५ खाली ८.४७ मांडतात आणि बिनधास्त ८८ मिनिटं लिहून मोकळी होतात. खरं उत्तर ४८. जास्तीचे ४० आले कुठून? तास मोडला तेव्हा मुलानं त्याची १०० मिनिटं केली. उत्तर बरोब्बर ४० नं जास्त असेल, तर दुखणं हेच. त्यावर तसलीच आणखी वीस गणितं घालणं व्यर्थ.

अर्धा दोष त्या टिंबाचा. रुपये-पैशांची वजाबाकी मुलं तसंच टिंब देऊन करतात, आणि रुपयाचे पैसे शंभरच असतात. म्हणून निदान शिकताना तरी ८:४७ असं लिहावं.

वजाबाकी तूर्त बाजूला ठेवून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या ६० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापा. एक सेंटिमीटर म्हणजे एक मिनिट. पहिलीवर ‘८ चा तास’, दुसरीवर ‘९ चा तास’ लिहून त्या टोकाला टोक जोडा. आता ४७ पासून पुढच्या ३५ पर्यंत दोरा ताणायचा. जोडावर आधी थांबायचं: ९ वाजेपर्यंत १३, पुढे ३५, एकूण ४८. इथेही कुणी १३ च्या जागी ५३ म्हणेल (तेच शंभर!), पण पट्टीवर ते लगेच उघडं पडतं. पट्टी सुटली की हेच टप्पे वहीत बाणांनी.

बारा ओलांडताना वेगळीच गंमत. सकाळी ११:२० ते दुपारी १:०५ दिलं, की लहान आकडा मोठ्यातून वजा होतो आणि १० तास १५ मिनिटं येतात. टप्पे पाडा: १२ पर्यंत ४० मिनिटं, मग १ तास, मग ५ मिनिटं, १ तास ४५ मिनिटं. मध्यरात्रीलाही हेच.

‘पावणेनऊ’ ऐकून ९:४५ लिहिणारी मुलंही असतात. तिथे चूक गणिताची नाही, शब्दाची आहे; नऊला पाव कमी, एवढं एकदा घड्याळावर दाखवलं की पुरे.

दिवस मोजताना मात्र नियम बदलतो. पाच दिवसांचे गणपती बुधवारी बसले तर विसर्जन रविवारी. नुसती वजाबाकी चारच दिवस देते, कारण आगमनाचा दिवसही धरायचा असतो.