तुम्ही विचारलंत म्हणून: आधी केपटाउन की आधी क्रूगर?

दक्षिण आफ्रिकेला दोनदा जाऊन आल्यापासून एक प्रश्न माझ्या मागेच लागलाय. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, एकदा तर रात्री अकराला फोनवर. "पहिल्यांदाच चाललोय, बारा दिवस आहेत. केपटाउनही करायचंय आणि क्रूगरचं जंगलही. कसं बसवू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जंगलाचे दिवस काढून ठेवा, सलग, एकगठ्ठा. उरतील ते शहराचे. आणि जायचंही त्याच क्रमाने, जंगल आधी.

हे शहाणपण मला पहिल्या खेपेला नव्हतं. तेव्हा आम्ही सगळं बरोबर उलटं केलं. केपटाउनला पाच दिवस, तासातासाचा तक्ता, आणि टेबल माउंटन मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवलेला. चार दिवस डोंगर रोज सकाळी खिडकीतून लख्ख दिसायचा. पाचव्या दिवशी आग्नेयेचा वारा सुटला आणि केबल कार बंद. माथ्यावर ढगाची चादर पसरली होती, तिला तिथले लोक टेबलक्लॉथच म्हणतात. १०८६ मीटरचा तो डोंगर आम्ही खालूनच बघितला आणि विमानतळ गाठला.

मग क्रूगर. तीन रात्री, तीन कॅम्प: लोअर साबी, सतारा, लेटाबा. (हो, सतारा. आपल्या साताऱ्याशी संबंध नाही. जमिनीची मोजणी करणाऱ्याच्या एका भारतीय मदतनिसाच्या तोंडच्या 'सतरा' वरून ते नाव पडलं असं सांगतात.) नकाशावर पहिला टप्पा नव्वदेक किलोमीटर, दुसरा सत्तरेक. म्हटलं, हे काय, दोन तासांचं काम. पण तिथे डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० ची मर्यादा आहे, आणि मे महिन्यात कॅम्पचं फाटक संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. उशीर झाला तर दंड. परिणाम असा, की मी "थांब, हत्ती" म्हणायची आणि नवरा "फाटक" म्हणायचा. तीन दिवस आमचा एवढाच संवाद.

आपल्याला ताडोबाची सवय असते. जिप्सी, गाइड, ठरलेली फेरी, आणि वाघ कुठे बसलाय ते दुसऱ्या जिप्सीवाल्याकडून कळतं. क्रूगरमध्ये स्वतःची गाडी, स्वतःचे डोळे. जवळजवळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठं. १८९८ साली त्यातल्या साबी भागात शिकारीला आळा घालणारं राखीव क्षेत्र झालं, १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान. नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून उतरायचं नाही. भाड्याची साधी गाडी चालते, स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. फक्त आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या.

तर जंगल आधी का? एक कारण अगदी शरीराचं आहे. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. तिथे पहाटेचे पाच वाजतात तेव्हा तुमच्या अंगातल्या घड्याळात साडेआठ झालेले असतात. पहिले तीन-चार दिवस डोळे आपोआप उघडतात, गजराशिवाय, आणि सहाला फाटक उघडतं तेव्हा तुमची गाडी पहिल्या पाचांत असते. हेच दिवस शहरात घालवलेत तर पहाटे पाचला हॉटेलच्या छताकडे बघत पडाल. दुसरं कारण टेबल माउंटन. वाऱ्यापुढे कुणाचं चालत नाही, म्हणून केपटाउनचे दिवस शेवटी आणि सैल हवेत. ज्या सकाळी माथा मोकळा दिसेल त्या सकाळी बाकी सगळं सोडून वर जायचं.

महिन्याचं गणित मात्र खरंच अवघड आहे. केपटाउनला पाऊस जून ते ऑगस्ट, त्यांच्या हिवाळ्यात. क्रूगरला पाऊस उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. जंगलाला हिवाळा उत्तम: गवत वाळलेलं, पाणी थोड्याच ठिकाणी, म्हणून प्राणी तिथेच येतात. त्याच वेळी केपटाउनला छत्री उलटी होते. दोघांना बरे म्हणजे एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. मुलांच्या सुट्ट्यांमुळे बहुतेकांना मेच जमतो, तो काही वाईट नाही. पण 'आफ्रिका म्हणजे ऊन' समजून सुती कपडेच नेऊ नका. उघड्या गाडीतून पहाटेच्या फेरीला गेलात की कानटोपीची आठवण येते.

मलेरियाबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांना विचाराच. क्रूगरच्या भागात तो आहे, केपटाउनला नाही. जोहान्सबर्गला रात्री उतरलात तर तिथेच झोपा. अंधारात अनोळखी रस्त्याने जंगल गाठायची घाई नको. दुसऱ्या दिवशी दोन तास मिळाले तर कॉन्स्टिट्यूशन हिल बघा. जुना तुरुंग, जिथे गांधीजी आणि मंडेला दोघांनाही ठेवलं होतं, आणि त्याच आवारात आज देशाचं संविधान न्यायालय.

केपटाउनचं फार सांगत नाही, ते शहर स्वतःची जाहिरात स्वतः करतं. रॉबेन आयलंडची बोट मात्र आधी आरक्षित करा. मंडेलांच्या सत्तावीस वर्षांच्या कैदेतली अठरा तिथे गेली. आणि बोल्डर्स बीचवर पेंग्विन बघायला गेलात तर हळू बोला. तिथे १९८२ मध्ये दोन जोड्या आल्या तेव्हापासूनची ही वसाहत, आणि २०२४ मध्ये या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. आम्ही गेलो तेव्हा एक गृहस्थ त्यांना शिट्ट्या मारून बोलावत होते. आपल्याकडचेच होते, भाषेवरून कळलं. मी लांबून गेले.

खासगी अभयारण्याचंही सगळे विचारतात. क्रूगरला लागून साबी सँड आहे, मधे कुंपण नाही. तिथे माग काढणारा माणूस गाडीच्या नाकावर बसतो, गाडी रस्ता सोडून झुडपात शिरते, बिबट्या दिसायची शक्यता पुष्कळच वाढते. परवडत असेल तर जंगलातल्या शेवटच्या दोन रात्री तिथे. शेवटच्या, सुरुवातीच्या नाही. पहिल्याच संध्याकाळी कुणी बिबट्या शोधून समोर ठेवला, की नंतर स्वतः शोधायला लागणारी चिकाटी उरत नाही.

आणि जंगलात रोज कॅम्प बदलू नका, एकाच ठिकाणी तीन रात्री राहा. एवढं सांगितल्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो. "एकाच कॅम्पला तीन रात्री? कंटाळा नाही येत?"

दुसऱ्या खेपेला आम्ही लोअर साबीला तीन रात्री राहिलो. फाटकापासून किलोमीटरभरावर सनसेट डॅम नावाचं तळं आहे, रस्त्याला अगदी लागून. दुपारी साडेतीनला गाडी तिथे लावली, इंजिन बंद, काचा खाली. पाणघोडे पाण्यात नुसते पडून. त्यातल्या एकाच्या पाठीवर चार कासवं ओळीने ऊन खात बसलेली. तो बुडी मारायला लागला की ती एकेक करून टुपकन पाण्यात पडायची, आणि तो वर आला की पुन्हा चढायची धडपड सुरू. हे मी किती वेळ बघितलं कुणास ठाऊक.

साडेचारच्या सुमारास इम्पाला हरणांचा कळप आला. तीस-चाळीस असतील. पाण्यापासून पंधरा पावलांवर येऊन थांबला. काठावर एक मगर जबडा उघडा टाकून पडली होती, पण त्यांची भीती तिची नव्हती. ती तर दिसत होती. पुढची मादी एक पाऊल टाकायची, कान फिरवायची, आणि दोन पावलं मागे. तिच्यामागे सगळा कळप मागे. पुन्हा पुढे. एकदा तिचं तोंड पाण्याला टेकणार एवढ्यात कुठेतरी बगळा उडाला आणि सगळे धुरळा उडवत लांब पळाले. दोन मिनिटांनी परत तिथेच.

नवऱ्याने घड्याळ बघितलं. पाच वाजून अठरा मिनिटं. या वेळी तो काही बोलला नाही, मीही नाही. पाच वाजून पंचवीसला त्याने किल्ली फिरवली, तेव्हा ती मादी पाण्यापासून दोन हातांवर होती.