पट कुठं गेला?

"गुरुजी, तुमच्या झेडपीच्या शाळेत पोरं का राहिली नाहीत हो?" लग्नात, बँकेच्या रांगेत, एसटीत, सगळीकडं हाच प्रश्न. विचारणाऱ्याकडं उत्तरही तयार असतं: मास्तर शिकवत नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट म्हणजे नाव घातलेली पोरं सतरा. जमीन मुरमाड, पावसाच्या भरवशाची. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं, गोठ्यात जर्सी गाया आहेत किंवा ज्याचा भाऊ चाकणला कंपनीत लागलाय, त्याची पोरं पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. उरतात ती कोयत्याची, म्हणजे ऊसतोडीला जाणारी घरं. गावातली ऐपत आधीच चाळून नेलेली असते आणि मागं राहतं त्याला तुम्ही माझा निकाल म्हणता.

हो, माझा मुलगाही व्हॅननंच जातो. तुम्ही विचारणारच होतात. यावरून घरात अजून भांडण होतं, आणि कोण बरोबर ते ठरलेलं नाही.

मुळात पोरंच कमी आहेत. दोनवर थांबणारी घरं वाढली, हे चांगलंच झालं. पण २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या, राज्यात सगळ्यांत कमी. ज्या जन्मालाच आल्या नाहीत त्यांची हजेरी मी कुठून लावू? हे मात्र लग्नात कुणी काढत नाही.

बरं, पट धरायचा तो ३० सप्टेंबरचा. त्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक याची मंजुरी, आणि त्यावर शिक्षकांची पदं. त्या दिवशी माझा वर्ग भरलेला असतो. दिवाळीच्या आसपास निम्मी पोरं ऊसतोडीला निघालेल्या आईबापांमागं सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात.

नवा होतो तेव्हा वाटायचं, पालकांना नीट समजावलं की पोरं थांबतात. त्या नव्या मास्तराशी माझा अजून वाद चालतो. चौथीतली एक मुलगी, भागाकार तोंडी करणारी. तिच्या दारात ट्रॅक्टर लागला होता. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, कोपीचे बांबू, पाय बांधलेली शेळी. पोरीच्या कडेवर धाकटा भाऊ. मी आईला म्हणालो, "ताई, हंगामी वसतिगृह सुरू होतंय, हिला ठेवा." आमच्याकडं वसतिगृह म्हणजे दोन वेळचं जेवण, निजायला घरचं म्हातारं माणूस लागतं, आणि त्यांची सासू त्याच उन्हाळ्यात वारली होती.

"ठेवते की गुरुजी. मग ह्याला फडावर कोण धरील? तुम्ही सांभाळता?"

"मग यंदा तुम्ही थांबा, मालकांना जाऊ द्या."

ती हसली. "एकट्याला कोण उचल देतंय?"

नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे कोयत्यावर मिळतात. टोळी नेणाऱ्या मुकादमानं दिलेले ते पैसे थोरलीच्या लग्नात संपलेही होते. बाप ट्रॉलीचा दोर आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमचा पगार येतोय गुरुजी, म्हणून तुम्हाला शाळा दिसती."

राग आला. अजून येतो. पगार काय फुकट घेतो का? पण त्याला सुनवायला तेव्हाही काही सुचलं नाही, आजही सुचत नाही. जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून असतं ते शिक्षण हमी कार्ड भरून पोरीच्या हातात दिलं, कारखान्याजवळच्या शाळेत दाखव म्हणालो. गुढीपाडव्यानंतर ती परत आली तेव्हा कार्डाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

२०२३ साली वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव शासनानं मागवले, तेव्हा मी विरोधात बोललो. लहान पोरांना एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, हे कायद्यातलं आहे. तरी चौथीत तीनच पोरं आणि कबड्डीला दोन संघ होईनात, हे मलाही दिसतं. मोठ्या शाळेत त्यांना सवंगडी मिळतील. पण त्या शाळेच्या वाटेवर ओढा आहे आणि जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याचं पाणी उतरत नाही.

पूल झाला तर माझं मत बदलेल का, असंही कुणीतरी विचारलं. आधी पूल तर होऊ द्या.