घाटाखालचा भात

पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते ती मुळात आपल्यासाठी नव्हे, इंजिनासाठी. मागून ढकलणारं बँकर इंजिन लागल्याशिवाय बोरघाट चढायचा नाही, हा जुना शिरस्ता. मागे खाडकन धक्का बसला की आई म्हणायची, "लागलं इंजिन. आता पटकन घे." घ्यायचा असायचा तो वडा. फलाटावरून वडेवाले खिडक्यांशी पळत यायचे, पैसे आणि पुडी यांची अदलाबदल चालत्या गाडीत पुरी व्हायची आणि पळसदरीचे डोंगर दिसेपर्यंत चटणीचा कागदसुद्धा चाटूनपुसून स्वच्छ. कर्जतचा वडा जगात भारी आहे की नाही यावर आमच्याकडे दोन तट आहेत. पण घाट नसता तर थांबा नसता आणि थांबा नसता तर हा वडाही नसता, यावर एकमत आहे.

हे सगळं आठवायचं कारण माझ्या ओट्यावरचं एक मातीचं भांडं. दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे जपानला गेले होते. तो म्हणाला, "मावशी, तुला क्योतो-बियोतो सगळे दाखवतील. मी तुला एक कर्जत दाखवतो." ताकासाकीहून एक साधी लोकल पकडली. माझ्या डोळ्यांना सह्याद्रीचे सुळके वाटावेत असे म्योगीचे कातळ डावीकडे दिसायला लागले आणि अर्ध्या तासात योकोकावा आलं. त्यापुढे रूळच नाहीत.

पूर्वी होते. योकोकावाहून कारुइझावाला चढणारा हा उसुई घाट १८९३ साली रेल्वेने जिंकला, तो रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी टाकून, त्यात इंजिनाची दातेरी चाकं अडकवून. आपला बोरघाट सदतीस फुटांना एक फूट चढतो. हा पंधरा फुटांनाच एक फूट. पुढे १९६३ मध्ये दाते गेले आणि खास या घाटासाठी बांधलेली विजेची इंजिनं आली. ती जोडीने लागायची. आपल्यासारखीच, खालच्या टोकाला. वर जाताना ढकलायला आणि उतरताना आवरून धरायला. म्हणजे प्रत्येक गाडी योकोकावाला थांबणारच. हात-पाय मोकळे करायला चार मिनिटं, आणि पोटात भूक.

ओगिनोया हे दुकान स्टेशनाइतकंच जुनं, १८८५ सालचं. स्टेशनावर डबे विकणं हा त्यांचा धंदा. जपानमध्ये अशा डब्याला एकिबेन म्हणतात. लाकडी पेटी, त्यात गार भात, मासा, अंड्याची वडी. एवढ्या गाड्या थांबूनही धंदा बेतास बात चालला होता. तेव्हा दुकान सांभाळणाऱ्या चौथ्या पिढीच्या मालकीणबाई फलाटावर उभ्या राहून उतारूंनाच विचारायला लागल्या, तुम्हाला काय खायला आवडेल? उत्तर सगळ्यांचं साधारण एकच: गरम काहीतरी, घरच्यासारखं. (कुठल्याही देशातल्या प्रवाशाला विचारा. हेच सांगेल.)

आता लाकडी पेटीत गरम भात घातला तर तो तासाभरात गार आणि गिचका होणार. उपाय सापडला माशिकोच्या कुंभारांकडे. माशिको हे गाव रोजच्या वापरातली भांडी करणाऱ्यांचं. शोजी हमादांसारखा मोठा कलावंत तिथे येऊन राहिला तोही या साध्या भांड्यांच्या ओढीने. तिथल्या जाड मातीच्या छोट्या हंडीत भात भरायचा, वर मातीचंच झाकण, त्यावर कागद आणि दोरी. १९५८ च्या फेब्रुवारीत हा 'तोगे नो कामामेशी' विकायला आला. नावाचा अर्थ सरळ आहे, घाटातला हंडीभात.

आम्ही स्टेशनाबाहेरच्या बाकावर बसून दोरी सोडली. मांडीवर हंडी ठेवली तेव्हा साडीतून ऊब जाणवली, आणि खरं सांगते, अर्धं जेवण तिथेच झालं. झाकण काढलं तर भात दिसेचना. वरून ताट वाढल्यासारखं. कोंबडीचे तुकडे, बांबूचे कोंब, शिताके अळंबी, गोबोची मुळं, लावीचं चिमुकलं अंडं, मटाराचे हिरवे दाणे, लाल आल्याच्या सळ्या, एक चेस्टनट. आणि मधेच चक्क एक गोड जर्दाळू. भाचा म्हणाला, इथली माणसं यावरून भांडतात, आधी खायचा की शेवटी. मला त्यात भांडण्यासारखं काही दिसलं नाही. आपण पंचामृत डाव्या बाजूला वाढतोच की. मधूनमधून जीभ बदलायला. मी तो चार वेळा थोडा थोडा खाल्ला. लोणचं मात्र निराळ्या डबीत. त्याचा वास भाताला लागू नये म्हणून असावं. हे मला फार आवडलं, कारण आमच्या डब्यात लोणच्याचं तेल पोळीत उतरल्याशिवाय शाळा सुटायची नाही. खालचा भात सोया आणि रश्शात शिजलेला, अगदी सौम्य. लिंबू पिळायला हात शिवशिवला, हे कबूल करते.

गाडी सुटताना ओगिनोयाचे विक्रेते फलाटावर ओळीने उभे राहून तिला कमरेत वाकून नमस्कार करायचे. डबा घेतलेल्याला, न घेतलेल्याला, सगळ्या गाडीलाच. मग शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आली. घाट बोगद्यांतून मिनिटांत पार व्हायला लागला आणि ३० सप्टेंबर १९९७ ला घाटातली जुनी लाइन बंद झाली. तेव्हापासून योकोकावा हे शेवटचं स्टेशन. जोडीची इंजिनं आता शेजारच्या संग्रहालयात उभी आहेत. थोडं वर गेलं की जुन्या लाइनीचा चार कमानींचा विटांचा पूल आहे, त्यावरून माणसं फिरायला जातात. आम्हीही गेलो. इतक्या लाल विटा एकाच ठिकाणी मी भायखळ्यानंतर पाहिल्या नव्हत्या.

हंडी मात्र थांबली नाही. ती हमरस्त्यावरच्या दुकानांत मिळते, मोठ्या शहरांत मिळते. हल्ली तर लगद्याच्या हलक्या भांड्यातही मिळते. भाचा म्हणाला, तेच घे, सामान तेवीस किलोच्या वर जाईल. मी ऐकलं नाही. मातीची रिकामी हंडी त्या लोकांना परत दिली तरी चालते, पण बहुतेक जण घरी नेतात. तिच्यात बरोबर एका माणसाचा भात होतो, कसा करायचा तेही ते सांगतात. मी ती घासून, पुसून, दोन स्वेटरांत गुंडाळून आणली. वरचा भाग तपकिरी, चकचकीत. खालचा तसाच मातीच्या रंगाचा, आणि पोटावर कोरलेली अक्षरं. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, यावर कुणाचं नाव घातलंय?" लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. म्हटलं, स्टेशनाचं. त्यांनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी पुढचं बोललेच नाही.

भात करून पाहिला एकदा. उत्तम झाला, पण एका माणसाचा भात आमच्या घरात कुणाच्या पानात वाढायचा? एकीला दिला तर दुसरा रुसणार. मेतकूट-भाताला ती लहान, खिचडीला तर नाहीच. सासूबाईंनी दोन दिवस नुसतं पाहिलं, झाकण उघडझाक करून बसतंय का बघितलं, बोटाने टिचकी मारली. तिसऱ्या दिवशी रात्री कोमट दूध त्यात ओतलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात, टॉवेलखाली ठेवून दिलं.

तेव्हापासून आमचं विरजण योकोकावात लागतं.