तुम्हाला आमचा राग येत नाही का?

थेरपिस्टला पेशंटबद्दल काय वाटतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मानसोपचाराचं काम करते असं कळलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "दिवसभर लोकांची दुःखं ऐकून तुम्हाला काही वाटत नाही का?" दुसरा जरा दबक्या आवाजात येतो आणि तो बहुतेकदा स्वतः थेरपी घेणाऱ्यांचा असतो: "तुम्हाला आमचा कधी राग येतो का? कंटाळा येतो का?"

येतो. रागही येतो आणि कंटाळाही येतो. कुणाबद्दल फार माया वाटते, कुणाची भीती वाटते, कुणाला घरी नेऊन दोन दिवस झोपू द्यावं असं वाटतं. एखादीचं बोलणं ऐकताना घसा दाटतो. हे फक्त माझंच नाही. 2013 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आणि शिकाऊ थेरपिस्ट यांच्या एका पाहणीत 72 टक्के जणांनी सांगितलं होतं की सेशन चालू असताना आपल्या डोळ्यांत कधी ना कधी पाणी आलं आहे.

पण "राग येतो का" असं विचारणाऱ्याला खरं तर दुसरंच जाणून घ्यायचं असतं, असं मला वाटतं. "मी तुम्हाला नकोसा तर झालो नाही ना?" हा त्यामागचा प्रश्न. म्हणून "छे, मुळीच नाही" असं गोड उत्तर मला देववत नाही. ते खोटं असतं, आणि ज्याला आयुष्यभर खोटी गोड उत्तरं मिळालीत त्याला ते ताबडतोब कळतं.

आमच्या क्षेत्रातही या भावनांकडे बराच काळ अडथळा म्हणूनच पाहिलं गेलं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1910 साली काउंटरट्रान्सफरन्सबद्दल, म्हणजे पेशंटमुळे थेरपिस्टच्या मनात उठणाऱ्या भावनांबद्दल, जाहीरपणे लिहिलं, ते विश्लेषकाने (मनोविश्लेषणाने उपचार करणाऱ्याने) स्वतःत ओळखून दूर सारायची गोष्ट म्हणून. दोन वर्षांनी त्याने सर्जनचा दाखला दिला: भावना बाजूला ठेवून काम करणारा. पुढच्या पिढीतल्या शिकाऊंनी हे इतकं मनावर घेतलं की पेशंटबद्दल काही वाटलं तरी त्यांना अपराधी वाटायचं. पॉला हाइमन या विश्लेषक बाईंना नेमकं हेच खटकलं. 1949 साली झुरिचच्या परिषदेत त्यांनी मांडलं, आणि पुढच्या वर्षी ते छापूनही आलं, की थेरपिस्टला पेशंटबद्दल जे वाटतं ते त्याच्या हातातलं फार मोलाचं साधन आहे. पेशंटच्या मनात काय चाललंय हे समजायला त्याची मदत होते. त्याच सुमारास विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि विश्लेषकांनी तर थेट द्वेषावर लिहिलं. आईलाही आपल्या बाळाचा द्वेष वाटू शकतो याची कारणं त्यांनी एकामागून एक मांडली आणि सांगितलं की विश्लेषकालाही द्वेष वाटतो, तो त्याला स्वतःला माहीत असायला हवा.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते कंटाळ्यावरून सांगते, कारण मला स्वतःला कंटाळा हा रागापेक्षा जास्त बोलका वाटतो. (पुढचा माणूस खरा नाही, अनेकांत दिसलेलं एका माणसात घातलं आहे.) समजा, एक गृहस्थ दर आठवड्याला येतात. ऑफिसात काय झालं ते सविस्तर सांगतात: कोण काय म्हणालं, कुठली मेल कधी आली, मग साहेबांनी काय केलं. दहा मिनिटांत माझे डोळे जड होतात. झोप पुरेशी झालेली असते, आधीच्या सेशनमध्ये मी चांगली जागी असते, नंतरच्यातही असते. म्हणजे हे फक्त इथेच होतंय. मग मी कंटाळा झटकायच्या ऐवजी त्याच्याकडे नीट पाहते. तो नक्की कधी सुरू झाला? ध्यानात येतं की वडिलांचा विषय निघता निघता राहिला आणि त्यानंतर आवाज एका पट्टीत गेला. एवढ्या सगळ्या हकिकतीत कुणालाच काही वाटत नाही, सांगणाऱ्यालाही नाही.

अशा वेळी "मला झोप येतेय" असं म्हणायचं नसतं. मी एवढंच म्हणते, "तुम्ही सांगताय ते सगळं कळतंय मला, पण त्यात तुम्ही कुठे आहात ते सापडत नाहीये." ते थांबतात. बऱ्याच वेळाने म्हणतात, "घरी मी बोलायला लागलो की बाबा पेपर उघडायचे. मग मी बोलत राहायचो, पण कुणी ऐकतंय असं धरून नाही."

हाइनरिश राकर या अर्जेंटिनातल्या विश्लेषकांनी इथे एक फार उपयोगी भेद करून ठेवला आहे. कधी थेरपिस्टला पेशंटला जे वाटतं तेच वाटू लागतं. कधी मात्र पेशंटच्या आयुष्यातल्या दुसऱ्या माणसाला जे वाटत असेल ते वाटू लागतं. वरच्या उदाहरणात मी त्या पेपर उघडणाऱ्या बाबांच्या जागी जाऊन बसले होते. ते कळलं नसतं तर मीही चेहरा हसरा ठेवून मनातल्या मनात पेपरच उघडला असता.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. थेरपिस्टला वाटणारं सगळंच पेशंटकडून आलेलं नसतं. "मला राग आला, म्हणजे तुम्हीच तो आणलात" ही आमच्या व्यवसायातली सगळ्यात वाईट सवय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. राग माझा असू शकतो: आदल्या रात्रीच्या भांडणाचा, किंवा समोरच्याची बोलायची ढब माझ्याच कुणा नातेवाइकासारखी आहे म्हणून आलेला. म्हणून आधी स्वतःची झडती घ्यायची. त्यासाठीच सुपरव्हिजन असतं, अनुभवी सहकाऱ्यापुढे आपलं काम उघड करून बसायचं. त्यासाठीच अनेक थेरपिस्ट स्वतःही थेरपी घेतात. यावरच्या अभ्यासांचा कलही असाच आहे: या भावना न कळत वागण्यात उतरल्या की उपचाराचं थोडं नुकसान होतं, आणि त्या ओळखून सांभाळता आल्या की परिणाम चांगले दिसतात.

सगळ्यात जपावं लागतं ते आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाबरोबर. 1974 साली माल्ट्सबर्गर आणि ब्यूई या दोन डॉक्टरांनी याबद्दल फार स्पष्टपणे लिहिलं. अशा पेशंटबद्दल थेरपिस्टच्या मनात द्वेष येतो आणि त्याची दोन अंगं असतात: एक दुष्टावा, दुसरं वीट येऊन दूर होण्याची इच्छा. यातली ही दूर होण्याची इच्छा जास्त धोक्याची, कारण ती पेशंटला सोडून द्यायला लावते आणि द्वेषासारखी दिसतही नाही. फोन करायचा राहून जातो. "यांना दुसरीकडे पाठवलेलं बरं" हे फारच लवकर पटतं. माझ्यापुरती खूण ठरलेली आहे: सेशन रद्द झाल्याचा मेसेज आला आणि मला हायसं वाटलं, तर त्याच दिवशी मी सुपरव्हायजरशी बोलते.

आकर्षणाबद्दलही विचारलं जातं, म्हणून तेही सांगते. 1986 साली अमेरिकेतल्या पाचशेहून जास्त मानसशास्त्रज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 87 टक्क्यांनी कबूल केलं की निदान कधीतरी एखाद्या पेशंटबद्दल लैंगिक आकर्षण वाटलं होतं. जवळपास निम्म्यांना शिक्षणात याबद्दल काहीही मार्गदर्शन मिळालेलं नव्हतं, आणि मला हा आकडा पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. वाटणं हा गुन्हा नाही. त्यावर काही करणं हा आहे, आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे थेरपिस्टची, पेशंटने पुढाकार घेतला असला तरीही. तुमचा थेरपिस्ट तुमच्यावर प्रेम असल्याचं सांगत असेल, लगट करत असेल, बाहेर भेटायला बोलावत असेल, तर ती थेरपी नव्हे. तिथून निघा आणि विश्वासाच्या माणसाला सांगा.

मग वाटतं ते पेशंटला सांगायचं का? क्वचित, आणि त्याच्या उपयोगाचं असेल तेवढंच. माझं मन हलकं व्हावं म्हणून तर नाहीच. तो वेळ त्याचा आहे.

तुम्ही मात्र जरूर विचारा. "मागच्या वेळी तुम्ही दोनदा घड्याळाकडे पाहिलंत" असं म्हणायला धीर लागतो, पण ते म्हणण्यासाठी थेरपीच्या खोलीइतकी चांगली जागा नाही. त्या थेरपिस्टच्या जागी मी असते तर म्हणाले असते, "हो, पाहिलं. ते पाहून तुमच्या मनात काय आलं?" कुणी म्हणतं, "वाटलं, मी जास्त बोलतोय, आटपतं घ्यावं." आणि मग हे आटपतं घेणं त्याने कुठे, कुणासमोर शिकलं यावर पुढचा तास जातो. "छे, तुमचा गैरसमज झाला" एवढं म्हणून दर वेळी विषय मिटवणारा थेरपिस्ट भेटला असेल, तर त्याला हेही एकदा सांगून पाहा. तरी तेच उत्तर आलं, तर दुसरा शोधायला काहीच हरकत नाही.