तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या हेराकडे पिस्तूल का नसतं?

डब्याच्या सुट्टीत पुस्तक उघडलं की शिलाई खात्यातलं कुणीतरी विचारतंच, “काका, हेराची गोष्ट म्हणता आणि हिरोकडे पिस्तूल नाही? मग तो करतो काय?”

घाबरतो. साधा माणूस चुकून हेरगिरीत अडकतो, अशा गोष्टी मी वाचतो. मला तेच आवडतं.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधला झुंजार मीही लहानपणी अधाशासारखा वाचला. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं हिशेब लिहिल्यावर आपला वाटतो तो इंग्रज लेखक एरिक अँब्लरचा वादासी. ‘एपिटाफ फॉर अ स्पाय’, १९३८. फ्रान्सच्या समुद्रकाठी सुट्टीवर आलेला हा भाषांचा शिक्षक सरड्यांचे फोटो काढतो, रोल धुवायला टाकतो आणि त्यात निघतात तुलाँच्या आरमारी तटबंदीचे फोटो. हॉटेलात कॅमेऱ्यांची अदलाबदल झालेली. पोलीस त्यालाच दरडावतात, खरा हेर तूच शोध. नाही म्हणायची सोय नाही, कारण पहिल्या महायुद्धानंतर त्याचं गाव दुसऱ्या देशात गेलं आणि त्याच्याकडे धड कुठलाच पासपोर्ट उरला नाही. त्याची भीती गोळीची नाही, कागदाची आहे.

ती मला ठाऊक आहे. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून येताना एकदा माझी काळी बॅग बदलली. घरी उघडली तर आत कोरे स्टँप पेपर आणि तीन रबरी शिक्के. बायको म्हणाली, चौकीवर देऊन या. दोन दिवस मी गेलो नाही, नुसता मनात जबाब घोकत बसलो. सांगायचं होतं ते सगळं खरंच, तरी. तिसऱ्या दिवशी एक स्टँपव्हेंडर आला, माझ्या डायरीतला पत्ता पाहून. चहा पिऊन बॅग घेऊन गेला.

जॉन बकनच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मधला, १९१५ सालचा हॅने या जातीतला थोरला, पण मला तो अर्धाच साधा वाटतो. खाणीतला इंजिनियर, डोंगरदऱ्यांतून पळायला तगडा. मला दम लागला असता.

सगळ्यात लाडका ग्रॅहम ग्रीनचा वर्मोल्ड. ‘अवर मॅन इन हवाना’, १९५८. व्हॅक्यूम क्लीनर विकणारा माणूस. मुलीचे खर्च झेपेनात म्हणून ब्रिटिश हेरखात्याचे पैसे घेतो. बातम्या कुठून आणणार? मग क्लबच्या सभासदांच्या यादीतून नावं उचलतो, तेच आपले हस्तक म्हणून कळवतो आणि त्यांचे पगार लावून घेतो. क्लीनरच्या भागांची चित्रं काढून ‘गुप्त शस्त्र’ म्हणून पाठवतो. लंडनवाले घाबरतात! आमच्या ऑडिटरने त्याला पहिल्याच तिमाहीत धरलं असतं. ग्रीन स्वतः त्या खात्यात नोकरीला होता, त्यामुळे साहेबलोक कशावर विश्वास ठेवतात हे त्याला चांगलं माहीत असणार.

परवा शिलाई खात्यातल्या एका पोराला एवढी गोष्ट सांगितली. भाकरी मोडता मोडता खूप हसला. मग थांबून म्हणाला, “काका, पण यादीतली माणसं तर खरी होती की. त्यांचं काय झालं?”

मी सांगायला लागलो तोवर भोंगा झाला.