सिंहासनावर देव की ज्युपिटर

अनुवादाचं हस्तलिखित हाती आलं की मी ते सुरुवातीपासून वाचत नाही. आधी मूळ ग्रंथाची कुठली आवृत्ती घेतली आहे ते शोधते. चारपाच अशी ठिकाणं काढायची जिथे दोन आवृत्त्यांत हमखास फरक आहे, आणि फक्त तेवढीच पडताळायची. तासाभराचं काम असतं. सतराव्या शतकातला स्पॅनिश उपहासकार फ्रान्सिस्को दे केवेदो याच्या ‘स्वप्नां’नी मात्र माझा अख्खा दिवस खाल्ला, आणि प्रकरण अजून मिटलेलं नाही.

या स्वप्नांचं कूळच गुंतागुंतीचं. पहिलं स्वप्न १६०५च्या आसपासचं, लेखक तेव्हा पंचविशीतला. १६१० साली छापण्याची परवानगी मागितली, ती धर्मखात्याच्या तपासनिसाने नाकारली. मग सतराएक वर्षं हस्तलिखित नकलाच फिरत राहिल्या. १६२७ साली बार्सेलोनात एस्तेबान लिबेरोसने पुस्तक छापलं. त्यावर इतका गदारोळ झाला की १६३१ साली माद्रिदला केवेदोने स्वतःच सौम्य केलेली आवृत्ती काढली आणि तिला ‘बालपणीची खेळणी’ अशा अर्थाचं भोळंभाबडं नाव दिलं. जणू पोराटोरांचा चावटपणा, मनावर घेऊ नका!

आता पडताळणीच्या जागा. पहिल्या स्वप्नाचं नाव १६२७ला ‘अंतिम न्यायाचं स्वप्न’, १६३१ला ‘कवट्यांचं स्वप्न’. झोपण्यापूर्वी निवेदकाच्या हातात आधी जगाच्या अंताविषयीचं संत हिपोलितसचं पुस्तक होतं, नंतर तिथे इटालियन कवी दान्तेचं पुस्तक आलं. आधी त्याला अंतिम न्याय दिसतो, नंतर नुसती ‘आकृत्यांची झुंबड’. न्यायासनावर आधी देव, नंतर रोमनांचा देवराज ज्युपिटर. नरकाच्या स्वप्नाचं नाव बदलून ‘प्लूटोची डुक्करखुराडी’ झालं; प्लूटो म्हणजे रोमनांचा पाताळदेव.

आमच्या हस्तलिखितात शीर्षक अंतिम न्यायाचं, हातात हिपोलितस, आणि दोन पानं उलटली तर सिंहासनावर ज्युपिटर! पुढे नरकाच्या जागी प्लूटोची खुराडी. अनुवादक सरांना फोन केला.

“सर, न्यायासनावर नक्की कोण बसलंय?”

“माझ्या प्रतीत जे आहे तेच बसलंय,” सर म्हणाले. आवाजात नाराजी होती.

सरांची चूक नव्हती. प्रकाशकाने त्यांना आंतरजालावरून फुकट मिळालेल्या दोन प्रती एकत्र शिवून दिल्या होत्या, कारण एकीची पानं गहाळ होती. हक्क संपलेलं पुस्तक म्हणजे कुठूनही ओरबाडलं तरी चालतं, हा आमच्या धंद्यातला लाडका गैरसमज.

“देव काय, ज्युपिटर काय, न्याय तर तोच देतो ना?” प्रकाशक म्हणाले. फरक एका शब्दाचाच वाटतो खरा. पण या स्वप्नातला विनोद बघा. कर्णा वाजतो आणि मेलेले उठतात. कुणाचा हात कमी, कुणाचा डोळा. लंपटांना आपले डोळे परत नको असतात, निंदकांना जिभा नको असतात, आणि चोर व खुनी आपल्याच हातांपासून पळून पळून पाय झिजवतात. कोर्टातला एक लेखनिक म्हणतो, हा आत्मा माझा नाहीच. एक कंजूष एका मसाले भरून पुरलेल्या मुडद्याला विचारतो, आज पुरलेलं सगळंच उठणार असेल तर माझ्या पैशांच्या थैल्याही उठतील का? मुडदा गप्प, कारण त्याची आतडी दूर पुरलेली असतात आणि अजून पोचलेली नसतात.

हे सगळं एकाच नियमावर उभं आहे: शेवटच्या दिवशी प्रत्येक जण स्वतःच्या देहासह उठणार. हा ख्रिस्ती नियम, ज्युपिटरच्या दरबारी असलं काही नाही. १६३१च्या प्रतीत कर्णा तसाच वाजतो, थडगी तशीच उघडतात, फक्त वर बसलेला बदललेला. माद्रिदच्या वाचकाला मुखवट्याआडचा माणूस ओळखू येत असणार, म्हणून तो हसला असेल. मराठी वाचकाला तो ओळखू येणार नाही. सरांनी वाचकाची सोय म्हणून तळटिपेत यम आणि चित्रगुप्त आणले होते. ती टीप मी पहिली उडवली. हिशेबवही जुळते हो, पण ज्या घरांत मुडदा जाळतात तिथे स्वतःची हाडं हुडकायला कोण उठणार?

स्वप्नाची चौकट ही केवेदोची पळवाट होती: झोपेत दिसलं, मी काय करू? तपासनीस मात्र झोपेला फसले नाहीत. त्यांना खुपलं ते देव, सैतान आणि न्यायासन थट्टेच्या इतकं जवळ येणं. झपाटलेल्या कोर्ट-शिपायाच्या स्वप्नात तर सैतानच कुरकुरतो की आम्ही शिपायांत नाइलाजाने राहतो. खरं तर मला शिपायाने झपाटलंय म्हणा, असा त्याचा आग्रह. १६३१ला या स्वप्नाचं शीर्षक असं फिरवलं की त्यातलं भूत गळालं आणि शिपायालाच शिपाई लागला.

मी सुचवलं की पाया १६२७चा घ्या आणि १६३१चे बदल परिशिष्टात द्या. सरांचं म्हणणं, १६३१ची प्रत लेखकाने स्वतःच्या नावाने काढली, ती डावलणारे आपण कोण? बार्सेलोनाची प्रत नकलांवरून छापलेली, नकलनविसांच्या चुकांसकट. शिवाय केवेदोने नाइलाजाने केलेल्या बदलांतही काही वाक्यं खरोखर धारदार झाली आहेत. सरांच्या या मुद्द्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. तरी थैल्यांचा विनोद वाचवायचा तर आसनावर देवच हवा, यावर मी अडून बसले आणि सरांनी कुरकुरत का होईना होकार दिला.

परिशिष्टाची पानं कागदाच्या भावाकडे बोट दाखवून प्रकाशकांनी निम्मी केली. आता मुखपृष्ठाचा घोळ आहे. चित्रकाराने हातात वज्र घेतलेला दाढीवाला ज्युपिटर रंगवून दिला आहे, बिलही लावलं आहे, आणि नवं चित्र कुणाच्या खर्चाने काढायचं यावर सोमवारी बैठक आहे.